शेवट आधी सांगायचा नाही

आई, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा थांबलेली नाही. जो येतो तो तुमच्या फोटोकडे बघून सुस्कारा सोडतो आणि मग तुमच्या शिस्तीबद्दल बोलतो. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तर कमाल केली. परवा एक टक्कल पडलेले गृहस्थ आले, सोफ्याच्या कडेवर टेकले आणि 'बाईंनी मला अपूर्णांक शिकवले' म्हणून चक्क रडले. मी त्यांना पाणी दिलं. करारी बाई, गणिताच्या बाई, खडूचा तुकडासुद्धा वाया न घालवणाऱ्या बाई. सगळं खरं आहे. पण बाईंना खून फार आवडायचे, हे कोणीच बोलत नाही. बहुतेकांना ते माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना हार घातलेल्या फोटोसमोर तो विषय काढणं बरं दिसत नसावं. मला मात्र तुमच्याशी तेवढंच बोलायचंय.

मी वाकोल्याहून लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा आपलं दोघींचं जमेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मला तर अजिबात नाही. आमच्या चाळीत सगळे एकाच वेळी आणि मोठ्यानं बोलायचे. तुमच्या घरात डब्यांवरसुद्धा नावं होती. तुम्ही वाईट कधीच वागला नाहीत. नीट वागायचात, आणि तेच जड जायचं. मी स्वयंपाकघरात शिरले की तुम्ही 'असू दे, बस तू' म्हणायचात आणि मी पाहुणीसारखी बाहेर येऊन बसायचे. माझी आई फोनवर विचारायची, सासू कशी आहे गं? मी सांगायचे, परीक्षेच्या हॉलसारखी आहे. कोणी ओरडत नाही, पण घाम फुटतो.

माझं काम तुम्हाला कळायचं नाही. अंधेरीच्या एका स्टुडिओसाठी मी परक्या भाषांतल्या सिनेमांचे आणि मालिकांचे संवाद मराठीत आणते, पडद्याखाली ज्या ओळी येतात त्या मी लिहिते, असं मी सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, 'म्हणजे लोकांनी बघायचं की वाचायचं?' आणि तो विषय तिथेच संपला.

तो पुन्हा निघाला गवारीमुळे. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि समोर तुम्ही गवारीच्या शेंगा मोडत होतात. सिनेमातला एक माणूस पिस्तुलासमोर गुडघ्यांवर बसून गयावया करत होता, आणि मी लिहिलं होतं, 'कृपया मला सोडून द्या.' तुम्ही चष्म्यावरून ती ओळ वाचलीत.

'मरणारा माणूस कृपया म्हणतो का गं?'

मी विचारलं, मग काय म्हणतो? तुम्ही एक शेंग मोडलीत. 'नको, नको, एवढंच म्हणतो. दुसरं काय सुचणार आहे त्याला?'

मी ते लिहिलं. स्टुडिओतल्या वरिष्ठांनी त्या एका ओळीसाठी मला फोन करून शाबासकी दिली. त्यानंतर अडलं की मी तुम्हाला विचारायला लागले. रागावलेली बायको हे कसं म्हणेल? पोरगा बापाला असं कसं तोडेल? तुम्ही भाजी निवडता निवडता उत्तर द्यायचात आणि ते नेहमी माझ्यापेक्षा कमी शब्दांत असायचं.

मग माझी वाट लागली. करारात स्पष्ट लिहिलं होतं की प्रदर्शनाआधी कथेतला एक शब्दही बाहेर फोडायचा नाही. मी फोडत नव्हतेच. फक्त एकदा विचारलं, एक म्हातारी म्हणते की त्या दिवशी मी घराबाहेर पाऊलच टाकलं नाही, तर ते नेमकं कसं म्हणेल? तुम्ही ओळ सांगितलीच नाही. उलट मलाच विचारलंत, 'तिला कोणी विचारलं होतं, की आपणहून सांगतेय?'

'आपणहून.'

'मग तीच,' असं म्हणून तुम्ही कुकरखालचा गॅस बंद करायला उठलात. मी जागच्या जागी बसून राहिले, कारण खुनी खरंच तीच होती.

तिथून आपला खेळ सुरू झाला. शेवट मला माहीत असायचा, तुम्हाला नसायचा, आणि माझ्या तोंडून नव्हे तर माझ्या चेहऱ्यावरून तो काढायचा हा तुमचा नियम होता. मी सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. एकदा निखिल जेवताना सहज म्हणाला, अगं, तो वकीलच निघतो शेवटी, तर तुम्ही पोटच्या पोराशी दोन दिवस बोलला नाहीत. पण माझ्यावर पाळत ठेवायला तुमची हरकत नव्हती. तुम्ही संशयितांची नावं घेत असताना मी पुरणात वेलची विसरले, म्हणून तुम्ही एका मालिकेतल्या डॉक्टरला पकडलंत. मी आरशासमोर उभी राहून कोरा चेहरा करायचा सराव केला, तर तुम्ही म्हणालात, 'इतका कोरा? म्हणजे मी बरोबर आहे.' बाबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेले असायचे. त्यांनी कधी यात भाग घेतला नाही. ते घरात असून नसल्यासारखे आहेत असं मला तेव्हा वाटायचं.

तुमची मतं मी इथे लिहून ठेवणार आहे, कारण फोटोला नमस्कार करून गेलेल्या एकालाही ती ठाऊक नाहीत. आजकालच्या मालिकांतले पोलीस अधिकारी जेवत नाहीत ही तुमची पहिली तक्रार. सगळ्यांचा घटस्फोट झालेला, सगळ्यांची झोप उडालेली, आणि सगळे अंधारात पुरावे बघत बसलेले. 'दिवा लाव म्हणावं त्याला,' तुम्ही म्हणायचात, 'निम्मा तपास तिथेच होईल.' सुरुवातीलाच एखादी तरुण मुलगी मारायची आणि मग उरलेले सगळे भाग पुरुषांनी दुःखी होऊन गाड्या चालवत फिरायचं, याचा तुम्हाला मनापासून राग होता. ती मुलगी कोण होती, तिला काय आवडायचं, हे कोणी का दाखवत नाही, असं तुम्ही विचारायचात. मागे वाजणारं संगीत म्हणजे तुमच्या मते वर्गात उत्तर सांगणारा पोरगा. कोणाला घाबरायचं ते आधीच सांगून टाकतो.

आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते डोंगरातल्या गावावरच्या सिनेमावरून. त्यात एक मुलगा हरवतो आणि शेवटपर्यंत सापडत नाही. दुपारचा खेळ होता. मी डोळे पुसत बाहेर आले आणि तुम्ही लाल होऊन. रिक्षात बसल्याबसल्या तुम्ही सुरू झालात. गणित अर्धवट सोडायचं आणि खाली 'विचार करा' लिहायचं, याला तुम्ही शून्य मार्क दिलेत. मी म्हटलं, अहो आई, सगळ्यांची माणसं सापडतात का? काहींना तसंच राहावं लागतं ना, न कळता? तुम्ही म्हणालात की खऱ्या आयुष्यात तसं होतं म्हणूनच तर माणूस गोष्ट बघायला जातो. रिक्षावाल्यानं आरशातून मागे बघितलं. त्याला आपण मायलेकी वाटलो असणार, कारण सासू-सुना इतक्या मोकळेपणानं भांडत नाहीत. तो सिनेमा मला अजून आवडतो. एवढं मात्र सांगते, की तुमचं ते वाक्य आता मला थोडं थोडं कळायला लागलंय.

आणि लायब्ररीची गोष्ट. आपल्या स्टेशनजवळच्या त्या छोट्या लायब्ररीतून तुम्ही रहस्यकथा आणायचात, आणि मध्यंतरी कोणीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुनी कोण ते लिहून ठेवायला लागलं. 'खुनी: माळी.' 'खुनी: धाकटा दीर.' तुमची अवस्था अशी झाली होती, जणू तुमच्याच घरात चोरी झालीय. लायब्ररीवाल्या बाईंनी हात वर केले. मग तुम्ही एक नवं कोरं पुस्तक सगळ्यांच्या आधी आणलंत, वाचून संपवलंत आणि पहिल्या पानावर स्वतःच पेन्सिलीनं लिहिलंत, 'खुनी: वकील.' वकील खुनी नव्हता. पुस्तक परत केलंत आणि वाट बघत बसलात. ते ज्याच्याकडून परत आलं त्यानं तुमचं उत्तर खोडून खाली लिहिलं होतं, 'वकील नव्हे, बहीण.' चुकीचं उत्तर समोर दिसलं की हुशार माणसाला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला शाळेतल्या अनुभवावरून पक्कं माहीत होतं. ते एक अगदी सभ्य निवृत्त गृहस्थ निघाले. तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत विचारलंत, आणि ते म्हणाले, मला वाटलं लोकांचा वेळ वाचेल. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही चक्क श्रीखंड केलंत. मला म्हणालात, 'ये, चाखून बघ,' आणि स्वयंपाकघरातलं माझं पाहुणेपण कधीच संपलंय हे मला त्या क्षणी कळलं.

म्हणून या पावसाळ्यानंतर तुम्ही जे केलंत त्यानं मला हादरवलं.

तुम्हाला बरं नव्हतं. पित्त आहे, असं तुम्ही आम्हाला सांगत होतात. डॉक्टरांकडे फक्त बाबांना घेऊन जायचात. आपण तेव्हा दर शुक्रवारी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलची ती मालिका बघत होतो. हॉटेलची मालकीण मरते आणि संशय तिच्या भावावर, आचाऱ्यावर, गावच्या डॉक्टरवर फिरत राहतो. सगळ्या भागांचे संवाद मी कधीच लिहून दिले होते. एका दुपारी मी तुमच्या पलंगाशी बसून मोसंबी सोलत होते. बाबा खिडकीत पेपर घेऊन होते. तुम्ही म्हणालात, 'शेवट सांग.'

'कशाचा?'

'हॉटेलचा. कोणी मारलं तिला?'

माझा हात थांबला. पुस्तकाचं शेवटचं पान चुकूनसुद्धा न उघडणारी बाई मला शेवट मागत होती. एवढी वर्षं तुम्ही मला हेच तर शिकवलं होतंत, की माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो नेहमीसारखं काय करत नाही ते बघायचं. मी बाबांकडे पाहिलं. पेपरचं पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं.

'आई, डॉक्टर काय म्हणालेत?'

'मी आधी विचारलंय,' तुम्ही म्हणालात. मग तुमचा आवाज मऊ झाला. 'मालिका अजून बरीच चालणार आहे गं. मी तेवढी नाही. निखिलला मी उद्या सांगते. तू आता शेवट सांग.'

करारातलं ते कलम मला आठवलं नाही असं नाही. मी मोसंबीची साल ताटलीत ठेवली, हात पुसले आणि सांगितलं. डॉक्टर. तो मालकिणीचा लहानपणी हरवलेला मुलगा असतो.

तुम्ही माझ्याकडे इतक्या तिरस्कारानं बघितलंत, जणू मीच खून केलाय. 'हरवलेला मुलगा?' उशीवरून मान उचलून तुम्ही म्हणालात. 'एवढे भाग बघितले ते हरवलेल्या मुलासाठी?' कितीतरी दिवसांनी तुमच्या गालांवर रंग आला होता. तुम्हाला बसवून घ्यावं लागलं. मागे दोन उशा लावल्या आणि तुम्ही खटला चालवायला घेतलात. खुनी डॉक्टर नाहीच, मालकिणीची धाकटी बहीण आहे. प्रत्येक भागात ती आहे. सगळ्यांना चहा देते आणि निघून जाते. पोलीस तिच्यासमोर तपासाचं बोलतात, कारण ती त्यांना दिसतच नाही.

मी म्हटलं, पण आई, तिला मारायचं कारण काय? तिच्याकडे कारणच नाहीये.

'सगळं आयुष्य दुसऱ्यांना चहा करण्यात गेलं,' तुम्ही म्हणालात, 'आणि कोणी एकदाही विचारलं नाही की तू घेतलास का. आणखी कोणतं कारण हवंय तुला?'

मग बाबा पेपर घडी करून उठले आणि आत गेले. स्वयंपाकघरातून झाकणं उघडल्या-मिटल्याचे आवाज यायला लागले. एवढी नावं लिहिलेल्या डब्यांतूनही त्यांना साखर सापडायला वेळ लागला. त्यांनी आणलेला चहा तुम्ही पूर्ण प्यायलात, गोड फार झालाय म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच पुन्हा मागितलात. ती बहीण म्हणजे तुम्हीच होतात का, हे मी तुम्हाला विचारलं नाही. बाबांनाही विचारणार नाही. त्यांना कळलं तेवढं पुरे.

निखिल रडला, भांडला, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाला, मग तुमच्या पायाशी झोपायला लागला. तुम्ही शांत होतात. आजारपणाचं कोणी बोललं की कंटाळायचात. मी मात्र स्टुडिओचं काम घेऊन तुमच्या खोलीतच बसायचे आणि रोज आपला खटला पुढे सरकायचा. बहिणीच्या विरोधात तुम्ही नवा पुरावा काढायचात, मी तो खोडायचे. तिसऱ्या भागात ती दारामागे उभी होती ते आठव. अहो आई, ती ट्रे घेऊन उभी होती. 'अगं, तेच तर म्हणतेय.' झकास दिवस होते ते, खरं सांगते. आपल्या घरात कोणी मरतंय असं बाहेरून येणाऱ्याला वाटलं नसतं.

मग एक सकाळ आली. निखिल खाली औषधं आणायला गेला होता. बाबा तुमचा हात धरून होते. तुम्ही दोन दिवस काही बोलला नव्हतात, म्हणून तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा आम्ही दोघं वाकलो. तुम्ही स्पष्ट म्हणालात, 'मुलगाच करायचा होता, तर पहिल्या भागात दाखवायला हवा होता.'

त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

निखिलला मी खरं सांगितलं. तो आधी हुंदके देऊन रडला आणि मग हुंदक्यातच हसला. पण पुण्याहून निखिलच्या आत्या आल्या आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, वहिनी शेवटी काय बोलल्या? खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, 'सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून राहा, म्हणाल्या.' आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य उगवत्या सूर्याच्या चित्रावर, हात जोडून, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होतं. बाबांनी ते त्यांच्या फोनवर वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि मला म्हणाले, 'असं वाक्य ती शत्रूच्या तोंडीही घालणार नाही.' मग आम्ही दोघं गॅलरीत जाऊन तोंड दाबून हसलो. तुमच्या सुतकात, आई. तुम्ही रागावला नसतात, याची मला खात्री आहे.

काल शुक्रवार होता. शेवटचा भाग होता. मला बघायचा नव्हता. मला तो पाठ होता, आणि तुमच्याशिवाय तो मला नको होता. पण संध्याकाळी बाबांनीच टीव्ही लावला आणि समोरची खुर्ची ओढून बसले. मीही दाराशी टेकून उभी राहिले. डॉक्टर पकडला गेला, हरवलेल्या मुलाची कहाणी त्यानं रडत सांगितली, मागे व्हायोलिन वाजलं. माझ्या ओळी पडद्याखाली एकेक करून येऊन गेल्या. शेवटच्या दृश्यात ती बहीण रिकाम्या हॉटेलात टेबलं पुसत होती.

बाबांनी टीव्ही बंद केला. 'तिचंच बरोबर होतं,' ते म्हणाले.

मला वाटलं ते तुमची आठवण म्हणून बोलतायत, म्हणून मी हळूच म्हटलं, असेल बाबा, पण बहिणीकडे कारण होतं ते फक्त आईंच्या डोक्यात. मालिकेत कुठेच नाहीये.

बाबांनी मान हलवली. मग इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच असं करताना पाहिलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, हातातलं शब्दकोडं बाजूला टाकलं आणि म्हणाले, 'कसं नाहीये? दुसऱ्या भागात किल्ल्या कोणाकडे होत्या, बघितलंस का तू? मी प्रत्येक भाग ऐकलाय. बस इथे. पहिल्यापासून सांगतो.'

आई, मी बसले.